वर्गात विधानसभा भरवताना : नागरिकशास्त्र नव्याने शिकवणाऱ्यांसाठी

आपल्याकडे बहुतेक शाळांत जुलैच्या सुमाराला शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, सहलमंत्री निवडले जातात, शपथविधी होतो, फोटो निघतात. पुढे वर्षभर त्या मंत्र्यांना कुणी काही विचारत नाही. मीही सहा वर्षं असंच करत होते. मग आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, आपल्या स्वच्छतामंत्र्यानं काहीच केलं नाही तर सांगायचं कुणाला?" मी पटकन म्हणाले, "मला सांग." घरी गेल्यावर ते उत्तर टोचत राहिलं. मंत्री मुलांनी निवडायचा आणि जाब बाईंनी विचारायचा, यात मुलं नेमकं काय शिकली? निवडून द्यायचं आणि गप्प बसायचं, एवढंच.

शाळेत मंत्रिमंडळ असतं, विधिमंडळ नसतं. ही उणीव भरून काढायला मी वर्गात विधानसभा भरवू लागले. त्याला आता नऊ वर्षं झाली. पहिल्या तीन वर्षांत केलेल्या चुका तुम्हाला टाळता याव्यात म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे. चाळीसेक मुलांचा आठवी किंवा नववीचा वर्ग डोळ्यांपुढे ठेवला आहे. वेळ धरा सहा आठवडे: आठवड्याला एक तास, आणि शेवटी शनिवारची सकाळची शाळा पूर्ण.

आधी जमवून ठेवा

- मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात एक ओळीची नोंद
- वर्गाचा हजेरीपट (मतदारयादीसाठी)
- भारताच्या संविधानाची मराठी प्रत. त्यातला राज्य विधानमंडळाचा भाग, अनुच्छेद १६८ ते २१२
- महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावरून छापून घेतलेली तारांकित प्रश्नोत्तरांची एक यादी आणि कुठलंही एक मराठी विधेयक
- दोनशे पानी वही, टेबलावरची घंटा, भिंतीवर दिसेल असं घड्याळ
- चपलांच्या खोक्याची मतपेटी, कोरे कागद, शिक्का आणि पॅड

माईक, झेंडे, फेटे यांची गरज नाही. पहिल्या वर्षी मी सजावटीत दोन दिवस घालवले. तेच दोन दिवस प्रश्न लिहून घेण्यात घालवायला हवे होते.

१. निवडणुकीच्या आधी गाऱ्हाणी गोळा करा

सुरुवात मतदानानं करायचा मोह होतो, कारण मुलांना त्यात मजा येते. पण मग प्रतिनिधी आधी ठरतो आणि तो कुणाचं काय मांडणार हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून क्रम उलटा करा. प्रत्येक मुलानं आपल्या वाडी-वस्तीतल्या किंवा गल्लीतल्या पाच घरी जायचं. एकच प्रश्न विचारायचा: रोजच्या जगण्यात कशामुळे अडतं? पाणी, रस्ता, दवाखाना, एसटी, शाळा, वीज, काहीही. उत्तर एका पानावर लिहून आणायचं.

दोन नियम आधीच सांगा. कुणाला मत दिलं हे विचारायचं नाही. आणि कागदावर घरमालकाचं नाव लिहायचं नाही.

दोनशे घरांची गाऱ्हाणी वर्गात आली की फळ्यावर चार रकाने आखा: ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, जिल्हा परिषद, राज्य, केंद्र. प्रत्येक गाऱ्हाणं योग्य रकान्यात टाकायला सांगा. खरा अभ्यास इथे होतो. गटार तुंबलं की आमदाराकडे जायचं, असं मुलांना वाटत असतं, मोठ्यांनाही वाटतं. गावातली दिवाबत्ती ग्रामपंचायतीची, पोलीस ठाणं राज्याचं, टपाल आणि रेल्वे केंद्राची. शिक्षण पूर्वी राज्यसूचीत होतं, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं ते समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीत गेलं. मुलं स्वतःच्या वस्तीतलं गाऱ्हाणं हातात धरून विचारतात, "हे कुठल्या सूचीत?" तेव्हा संविधानाची सातवी अनुसूची, म्हणजे कुठला विषय कुणाचा याच्या याद्या, पाठ करून घ्यावी लागत नाही.

एका वर्षी एका मुलानं आणलं होतं: "दुपारची एसटी वस्तीवर येत नाही, म्हणून आमच्याकडच्या पोरी अकरावीला जात नाहीत." त्या पोरींनी हे कधी कुठे मांडलं नव्हतं. त्यांच्या वतीनं तो तेरा वर्षांचा मुलगा बोलला. प्रतिनिधी या शब्दाचा अर्थ मला याहून नेमका सांगता येत नाही.

२. शाळेची आणि गावाची संमती घ्या

मुख्याध्यापकांना आधीच दोन गोष्टी स्पष्ट सांगा. सभागृहात मुलं शाळेच्या कारभारावर प्रश्न विचारणार आहेत. आणि जे मंजूर होईल त्यातलं जमण्यासारखं शाळेनं खरोखर करायचं आहे. यावर "बघू" असं उत्तर आलं तर विषयांची यादी लहान करून घ्या, पण होकार पक्का घ्या.

सर्वांत मोठा धोका गावच्या राजकारणाचा. वर्गात सरपंचांचा मुलगा असतो, पडलेल्या उमेदवाराची पुतणीही असते. खऱ्या पक्षांची नावं, चिन्हं, रंग, घोषणा पूर्ण बंद. कुठल्याही नेत्याची नक्कल नाही. हे पालकांनाही चिठ्ठीनं कळवा.

३. मतदारसंघ आणि मतांचं गणित

चाळीस मुलांतून दहा निवडून दिली तर तीस जण नुसती बघत बसतात. म्हणून मी सगळ्या वर्गालाच सभागृह करते. प्रत्येक जण आमदार, आणि त्यानं फिरलेली पाच घरं हा त्याचा मतदारसंघ. निवडणूक कशी चालते हे मात्र वेगळ्या तासाला, पोटनिवडणूक घेऊन शिकवते.

त्या तासाला आधी हे करून बघा. फळ्यावर २५ ठिपके काढा: १० लाल, १५ पिवळे. पाच-पाच ठिपक्यांचे पाच मतदारसंघ आखायला सांगा. प्रत्येक मतदारसंघात दोन लाल आणि तीन पिवळे आले, तर पाचही जागा पिवळ्यांना. आता रेघा बदला: तीन मतदारसंघांत तीन-तीन लाल, एकात एक, उरलेल्या एकात शून्य. मतं तेवढीच, पण लालांना पाचपैकी तीन जागा. वर्ग एकदम शांत होतो. मग कुणीतरी विचारतंच, "बाई, रेघा कोण आखतं?" तेव्हा परिसीमन आयोगाबद्दल सांगा. महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ जागा आणि प्रत्येक लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा, म्हणून २८८. त्यांतल्या २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव. हे आकडे आता नुसते आकडे राहत नाहीत.

यानंतर पोटनिवडणूक. चार उमेदवार उभे करा, गुप्त मतदान घ्या, शिक्का कागदावर मारा. मोबाइलवरचं मतदान यंत्र मी वापरून बघितलं. मुलं खूश होतात, पण आकडा एकदम पडद्यावर येतो आणि मोजणी दिसतच नाही. कागदाची मतं उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर एकेक उघडा, बाद मत का बाद हे ठरवू द्या. निकाल बहुधा १४, ११, ९, ६ असा काहीतरी लागतो. चौदावाला जिंकला, आणि सव्वीस जणांनी त्याला मत दिलेलं नाही. मग त्या सव्वीस जणांचा प्रतिनिधी कोण? यावर दहा मिनिटं बोलू द्या. उत्तर तुम्ही सांगू नका.

४. बाकं ठरवा: सरकार, विरोधी पक्ष, अध्यक्ष

गट मैत्रीवरून किंवा आळीवरून पडू देऊ नका. शाळेपुढचे तीन विषय निवडा, उदाहरणार्थ पिण्याचं पाणी, वाचनालय, खेळाचं मैदान. ज्याला जे सर्वांत आधी व्हावंसं वाटतं त्या गटात त्यानं जायचं. प्रत्येक गटानं एका पानाचा जाहीरनामा लिहायचा. साधारण १७, १३, १० अशी विभागणी होते आणि बहुमताला २१ लागतात. म्हणजे कुणाला तरी कुणाशी बोलणं भाग पडतं, आपल्या जाहीरनाम्यातलं काही सोडणं भाग पडतं. खऱ्या सभागृहात हाच आकडा १४५ आहे.

मंत्री किती? मुख्यमंत्री धरून मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांहून मोठं नको, ही मर्यादा २००३ च्या एक्याण्णवाव्या घटनादुरुस्तीनं आली. राज्यांना किमान बाराची मुभा आहे, पण वर्गात टक्केवारीच पाळा: चाळिसात सहा. मुलांना बारा-पंधरा मंत्री हवे असतात. नियम दाखवा आणि त्यांनाच निवडू द्या. मध्येच कुणी गट बदलला तर १९८५ चा पक्षांतरबंदीचा कायदा शिकवायची आयती संधी मिळते.

अध्यक्षपदी स्वतः बसू नका. ही चूक मी दोन वर्षं केली. शिक्षक अध्यक्ष असले की सगळा वर्ग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून बोलतो. अध्यक्ष मुलांतूनच निवडा. पहिल्या बैठकीपुरता हंगामी अध्यक्ष नेमा, त्यानं सगळ्यांना शपथ द्यावी आणि निवडणूक घ्यावी. अध्यक्ष झालेल्या मुलाला तीन गोष्टी शिकवा: तो वादात भाग घेत नाही, पहिल्या फेरीत मत देत नाही, समसमान मतं पडली तरच निर्णायक मत देतो. त्याला ग. वा. मावळंकरांबद्दल सांगा. हे मराठी गृहस्थ १९३७ पासून मुंबई विधानसभेचे आणि पुढे स्वतंत्र भारतातल्या पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष होते.

मला आलेला एक अनुभव: हुशार, बोलका मुलगा आपोआप मुख्यमंत्री होतो आणि शांत मुली मागच्या बाकांवर आमदार म्हणून उरतात. यावर उपाय म्हणजे विरोधी पक्षनेतेपद आणि अध्यक्षपद यांपैकी किमान एक पद मुलीकडे असावं, असा नियम वर्गाकडूनच करून घ्या. महाराष्ट्रात पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, हे मुलांना गावात दिसत असतं. त्याचाच दाखला द्या.

५. प्रश्नोत्तराचा तास

सगळ्या उपक्रमात वेळ कमी पडला तर बाकी काहीही गाळा, पण हे गाळू नका.

विधानसभेचं दिवसाचं कामकाज प्रश्नांनी सुरू होतं. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं, उपप्रश्न नाही. छापून आणलेली यादी मुलांना वाटा आणि प्रश्नाची घडण पाहू द्या. ती वर्षानुवर्षं ठरलेली आहे. तिच्याच साच्यात आमच्या वर्गातला हा प्रश्न:

"सन्माननीय पोषण आहार मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :
(१) मधल्या सुट्टीत पोषण आहारासाठी आठवीच्या वर्गाला सर्वांत शेवटी सोडले जाते, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, त्यामुळे या विद्यार्थ्यांना जेवणासाठी दहा मिनिटेच मिळतात, हेही खरे आहे काय;
(३) असल्यास, याबाबत कोणती उपाययोजना केली वा करण्यात येत आहे;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?"

या चार ओळींत एक शिस्त आहे. आधी वस्तुस्थिती कबूल करून घ्यायची, मग परिणाम, मग उपाय, आणि उपाय केला नसेल तर कारण. मुलांना सवय असते "आम्हाला नेहमी शेवटी सोडतात, हा अन्याय आहे" असं म्हणायची. त्याला मंत्री "नाही" म्हणून मोकळा होतो. वरच्या प्रश्नाला त्याला उत्तर शोधूनच यावं लागतं.

उत्तरासाठी मंत्र्याला एक आठवडा द्या. खरे मंत्रीही आपल्या खात्याच्या सचिवांकडून माहिती मागवतात. आपल्या शाळेत सचिव म्हणजे लिपिक, ग्रंथालय सांभाळणारे सर, शिपाईकाका आणि आहार शिजवणाऱ्या मावशी. त्यांना आधी कल्पना देऊन ठेवा, नाहीतर मुलगा वही घेऊन समोर उभा राहिला की त्यांना तपासणी वाटते. आमच्या पोषण आहार मंत्र्यानं मावशींकडे बसून समजून घेतलं की सहावी ते आठवीला प्रत्येकी दिवसाला १५० ग्रॅम धान्य असतं, चूल दोनच आहेत आणि दुसरा हंडा शिजायला वीस मिनिटं लागतात. सभागृहात त्यानं उत्तर दिलं: "(१) हे खरे आहे. (२) हे अंशतः खरे आहे. (३) सोमवार व गुरुवारी आठवीचा वर्ग प्रथम सोडण्याचे प्रस्तावित आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही."

मग उपप्रश्न. इथे मुलं भाषण सुरू करतात. अध्यक्षांना सांगून ठेवा: उपप्रश्न एका वाक्यात, शेवटी प्रश्नचिन्ह, आणि मूळ विषयाला धरूनच. "गुरुवारीच का, रोज का नाही?" हा उपप्रश्न झाला. "आमच्यावर कायमच..." इथे घंटा वाजवायची.

आणि हेही बघा: सत्ताधारी बाकांवरच्या मुलांना वाटतं, आपल्या मंत्र्याला प्रश्न विचारणं म्हणजे फितुरी. तसं नाही. सत्ताधारी पक्षाचे आमदारही सरकारला प्रश्न विचारतात, कारण त्यांनाही मतदारसंघ असतो. प्रत्येक बिगरमंत्री मुलानं, मग तो कुठल्याही बाकावरचा असो, आपल्या पाच घरांतून किंवा वर्गातून आलेला एक प्रश्न लिहून द्यायचाच. चौतीस प्रश्न येतात. सभागृहात आठ-दहाच होतात; उरलेल्यांना लेखी उत्तरं द्यायला लावा आणि भिंतीवर लावा.

ज्या प्रश्नांचं उत्तर शाळा देऊ शकत नाही, ते वाया घालवू नका. एसटीचा प्रश्न आम्ही अर्ज करून आगारप्रमुखांना आणि आपल्या आमदारांना मुलांच्या सह्यांनी पाठवला. दिवाबत्तीचा प्रश्न ग्रामसभेत नेला. तिथे मुलांना आणखी एक गोष्ट दिसली: ग्रामसभेत गावचा प्रत्येक मतदार स्वतः बोलू शकतो, विधानसभेत त्याच्या वतीनं दुसरा बोलतो.

६. विधेयक लिहा, खंडवार चर्चा करा

विषय असा निवडा की जो शाळेच्या हातात आहे. "गृहपाठ बंद" हे विधेयक दरवर्षी कुणीतरी आणतं आणि दरवर्षी ते एकमतानं मंजूर होऊ बघतं. त्यातून चर्चा काहीच होत नाही. ज्याला काही खर्च येतो आणि ज्यावर दोन बाजू खऱ्याखुऱ्या संभवतात, असा विषय घ्या.

आमचं सर्वांत चांगलं विधेयक वाचनालयाचं होतं: "विद्यार्थ्यांना ग्रंथालयातील पुस्तके घरी नेण्याच्या हक्काची तरतूद करण्याकरिता विधेयक". खऱ्या विधेयकाचीच मांडणी ठेवली. खंड १, संक्षिप्त नाव व प्रारंभ. खंड २, व्याख्या. खंड ३, प्रत्येक विद्यार्थ्यास सात दिवसांसाठी एक पुस्तक. खंड ४, पुस्तक हरवल्यास दंड. शेवटी उद्देश व कारणे यांचे निवेदन आणि वित्तीय ज्ञापन, म्हणजे याला किती पैसे लागतील आणि ते कुठून येतील.

पहिल्या वाचनाला विधेयक फक्त मांडलं जातं. दुसऱ्या वाचनात आधी तत्त्वावर चर्चा आणि मग एकेक खंड, त्यावरच्या सुधारणांसह. तिसऱ्या वाचनाला अखेरचं मत. सगळी गंमत दुसऱ्या वाचनात आहे, त्याला पूर्ण तास द्या. आमच्याकडे व्याख्येच्या खंडावरच अर्धा तास गेला. "विद्यार्थी" म्हणजे कोण, पाचवीची लहान मुलंही का? "हरवलेले" म्हणजे काय, पावसात भिजलेलं पुस्तक हरवलेलं धरायचं का? मग विरोधी बाकांवरून एका मुलीनं खंड ४ ला सुधारणा मांडली: ज्यांना दंड भरणं शक्य नाही त्यांनी त्याऐवजी पाच फाटकी पुस्तकं शिवून, चिकटवून द्यावीत. सरकारनं ती सुधारणा स्वीकारली. अल्पमतातला माणूससुद्धा कायदा बदलू शकतो, हे तिला त्या दिवशी कळलं. हे पुस्तकात वाचून कळत नाही.

मतदान कसं घ्यायचं? अध्यक्षांनी म्हणायचं, "अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे." आवाजावरून निर्णय पटला नाही तर कुणीही मतविभागणी मागू शकतं, मग उभं करून मोजा.

ठराव आणि कायदा यांतला फरकही इथेच सांगा (ठराव ही सभागृहाची शिफारस, कायदा बंधनकारक), आणि त्यासाठी महाडचं उदाहरण द्या. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानं ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला: सरकारी पैशातून बांधलेली आणि चालवलेली पाणवठ्याची ठिकाणं अस्पृश्यांना खुली असावीत. महाडच्या नगरपालिकेनंही तसा ठराव केला. तरी तळ्याचं पाणी मिळालं नाहीच. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली. सभागृहानं मंजूर केलं म्हणजे झालं, असं समजणाऱ्या मुलांसाठी याहून थेट धडा नाही. बाबासाहेब त्याच सुमाराला मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झाले होते, आणि १९३७ मध्ये त्यांनी तिथे कोकणातली खोती पद्धत (शेतकऱ्यांकडून खोत सारा वसूल करत ती) नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, हेही जोडून सांगा.

दुसरं उदाहरण रोजगार हमीचं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना मांडली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैशासाठी व्यवसाय कर बसवला गेला. २००५ मध्ये केंद्रानं देशभरासाठी तसा कायदा केला. मुलांच्या आजी-आजोबांपैकी कुणीतरी रोजगार हमीवर खडी फोडलेली असते. घरी जाऊन विचारून यायला सांगा.

७. सभागृहाचा दिवस

शनिवारी सकाळी साडेसातला सुरुवात. क्रम फळ्यावर लिहा: शपथ आणि अध्यक्षांची निवड (ही आदल्या आठवड्यात झाली तर उत्तम), प्रश्नोत्तराचा तास, दोन लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणाऱ्या), विधेयक, तहकुबी. गणपूर्ती, म्हणजे कामकाज चालायला लागणारी किमान हजेरी, तपासा. संविधान सांगतं, दहा सदस्य किंवा एक दशांश, यांतली जी संख्या मोठी ती. आपल्या वर्गाला दहा.

बोलणं नेहमी अध्यक्षांना उद्देशून. "तू खोटं बोलतोस" असं समोरच्याला म्हणता येत नाही. "अध्यक्ष महोदय, माननीय मंत्र्यांनी दिलेली माहिती वस्तुस्थितीला धरून नाही" असं म्हणावं लागतं. दोन मुलांच्या मध्ये अध्यक्ष आला की भांडणाचा वाद होतो, हे मी दरवर्षी डोळ्यांनी बघते.

पहिल्या वर्षी आमचं सभागृह विसाव्या मिनिटाला कोसळलं. मुलांनी दूरदर्शनवर जे बघितलं होतं तेच केलं: कागद फाडले, घोषणा दिल्या, पुढच्या मोकळ्या जागेत येऊन बसले. मी रागावले आणि सगळं बंद केलं. तसं करायला नको होतं. आता मी आधीच सांगते की सभात्याग हाही निषेधाचा संसदीय मार्ग आहे, पण बाहेर जाण्याआधी एका वाक्यात कारण सांगायचं, ते वहीत नोंदलं जाईल. आणि बाहेर गेलेल्यांचं मत मोजलं जात नाही. एका वर्षी विरोधी बाक बाहेर असताना विधेयक मंजूर झालं. ती मुलं पुन्हा कधी उगाच बाहेर गेली नाहीत.

दोन मुलं वृत्तलेखक नेमा. त्यांनी वहीत शब्दशः लिहून काढायचं. आणि शाळा सुटल्यावर सभागृहातल्या बोलण्याचा राग कुणी कुणावर काढायचा नाही. विधिमंडळात बोललेल्या शब्दांबद्दल सदस्यावर न्यायालयात कारवाई होत नाही, हे संरक्षण अनुच्छेद १९४ देतो. वर्गातल्या मुलालाही तसंच संरक्षण द्या, आणि ते मोडलं तर गंभीरपणे घ्या.

८. दुसरं सभागृह आणि राज्यपाल

नववी-दहावीची आठ मुलं विधान परिषद म्हणून बसवा, अर्धा तास पुरे. महाराष्ट्राच्या परिषदेत ७८ सदस्य आहेत. त्यांतले ३० आमदार निवडतात, २२ स्थानिक संस्था, प्रत्येकी सात पदवीधर आणि शिक्षक, आणि बारा जण राज्यपाल नेमतात. शिक्षकांचे प्रतिनिधी परिषदेत असतात हे ऐकून मुलं तुमच्याकडे बघतात. तुम्ही कधी मत दिलं असेल तर सांगा. परिषद विधेयकाला उशीर करू शकते, कायमची अडवू शकत नाही. मुख्याध्यापक राज्यपाल. त्यांनी संमती द्यावी किंवा कारण लिहून फेरविचारासाठी परत पाठवावं. एकदा परत आलेलं विधेयक मुलं कधी नव्हे इतक्या बारकाईनं वाचतात.

९. महिन्यानंतर: आश्वासन समिती

मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासनं पुरी झाली का, हे पाहायला विधिमंडळाची समिती असते. वर्गातही पाच जणांची नेमा, प्रमुख विरोधी बाकांवरचा. वृत्तलेखकांच्या वहीतून "करण्यात येईल", "प्रस्तावित आहे", "विचाराधीन आहे" अशी प्रत्येक ओळ त्यांनी लाल पेननं अधोरेखित करायची, आणि महिन्यानं त्या त्या मंत्र्याला बोलावून विचारायचं.

यंदा आमच्या समितीला अकरा आश्वासनं सापडली. सात पुरी झाली. आठवीचा वर्ग सोमवारी आणि गुरुवारी आधी सुटतो. वाचनालयाचं कपाट मधल्या सुट्टीत उघडं असतं आणि चिकटवलेली पुस्तकं वेगळ्या फळीवर ठेवली आहेत. उरलेल्या चारांपैकी दोन पैशाअभावी अडली आहेत, एक मुख्याध्यापकांकडे आहे. चौथं, पाण्याच्या टाकीच्या सफाईची तारीख भिंतीवर लिहिण्याचं, मंत्री विसरला होता. समितीनं त्याला खडू दिला आणि तारीख लिहून होईपर्यंत पाचही जण टाकीजवळ उभी राहिली.